किल्ल्याची वाळू

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर चपला काढून विद्याधर पाण्यात शिरताना त्याची एकच अट होती: किल्ल्याच्या बेटापर्यंत मला कोणी हात लावायचा नाही. त्याला दिसत नव्हतं, म्हणून पुढच्या होडीतून धाकटा भाऊ उमंग शिट्टी वाजवणार आणि तो आवाजामागे पोहणार, असं ठरलं होतं. अर्ध्यावर पाण्याची ओढ वाढली. "भाऊ, पानी लय वढतंय. त्यांना सांगा नि होडीत घ्या," होडीवाला म्हणाला. पण वर्षभर दादा याच दिवसासाठी पोहत होता. त्याला सांगणं उमंगला जमेना. त्याने खुणेनेच होडी हळूच वळवायला लावली आणि शिट्टी वाजवतच राहिला. तिच्यामागून विद्याधर जिथून निघाला त्याच किनाऱ्याकडे परतला. उमंगने लांबूनच किनाऱ्यावर थांबलेल्या रेवावहिनीला टाळ्यांची खूण केली. तिने टाळ्या वाजवल्या, फिरायला आलेल्यांनीही. वाळूला पाय लागताच विद्याधरने दोन्ही हात उंचावले. "आलो! किल्ल्यावर आलो! एकटा आलो!"

उमंगने होडीतून उडी मारून त्याला मिठी मारली. "दादा, पोचलास!" विद्याधर हसत किल्ल्याच्या तटाला हात लावायला निघाला. थोडं पुढे जाताच त्याच्या पायाला काहीतरी लागलं. तो वाकला. अंगठ्याशी सुतळीने शिवलेली चप्पल, आणि शेजारी दुसरी. तो बराच वेळ ती चाचपत राहिला. मग त्याने दोन्ही पायांत घातल्या. "उमंग, माझ्याआधी चपलाच पोचल्या होय रे किल्ल्यावर?" टाळ्या आल्या होत्या त्या दिशेला तो वळला. "आणि टाळ्या कोण वाजवत होतं?" रेवाने दोन्ही हात पदराखाली लपवले.