काळ्या बर्फावरची वाट

बेटावरील वैरण संपली होती. एकुलती एक गाय जगवायची, तर गोठलेले सरोवर ओलांडून तिला पैलतीरी भावाच्या गोठ्यात नेणे सायमीला भाग होते. परंतु काळ्या, नितळ बर्फाखाली पाणी दिसताच गाय पाय रोवून उभी राहिली आणि बाजूच्या शुभ्र बर्फाकडे दावे ओढू लागली. "तिकडे नको! पांढरा बर्फ पोकळ, पहारीच्या एका घावात फुटतो. हा काळाच वीतभर जाड, दगडासारखा," नवरा एल्यास ओरडला. त्याने काठावरून हिमाची पोती ओढत आणून काळ्या पट्ट्यावर शुभ्र पायवाट अंथरली. गाईने हुंगले, एक खूर टेकवला, मग ती निमूट चालू लागली. सायमीने दाव्यावरील मूठ पैलतीरावरच सैल केली. "फसली बघ तुझी भित्री गाय!" एल्यास हसला. तळव्यावरचे वळ चोळत सायमीही हसली. "वाट तिच्यासाठी होती होय? मला वाटलं, माझ्यासाठीच!"