चौथ्या शिखराखालून

पाठीवर सॅक लादून चिकमगळूरकडची पाच शिखरं पालथी घातल्यावर यशश्री आणि तिचा नवरा मुकुल सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटवर परतले. चौथ्या शिखरावर दोघांचं भांडण झालं होतं. धुक्यात तो मागे राहिला, ती तणतणत पुढे निघाली. बऱ्याच वेळाने त्याने मागून येऊन तिला गाठलं आणि तो तिच्या बरोबरीने चालू लागला.

तेव्हापासून मुकुलने एकदाही आवाज चढवला नव्हता. तिचे चिखलाने माखलेले बूटसुद्धा त्याने आपणहून धुतले. लग्नानंतर इतकं सुख तिला पहिल्यांदाच लाभत होतं.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात चहा करत असताना तिचा फोन वाजला.

"यशू..." आवाज मुकुलचाच होता. मागे वारा घोंघावत होता. "पाय मोडलाय गं. मी अजून चौथ्या शिखराखालीच पडलोय. तू कुणाबरोबर उतरलीस?"

आतून आल्याच्या चहाचा वास दरवळला. तिने अलगद फोन कट केला.

"कुणाचा गं?" दोन कप घेऊन तो दारात उभा होता.

"राँग नंबर."

"हो," तो मायेने हसला. "काल तू अंघोळीला गेली होतीस, तेव्हा मीही त्याला तेच सांगितलं."