आडवा पडदा

तिकोणा पेठेतल्या घराच्या ओट्यावर बसून प्रज्ञेशने हातातल्या गेमिंग कन्सोलची जुनी सिस्टीम पुसली आणि त्यावर लिनक्स ही दुसरी सिस्टीम चढवली. आता मागे फिरायची सोय नव्हती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावली तसा तो ओरडलाच, "आई, झालं चालू!"

अक्षरं मात्र आडवी होती. त्यात नवल नव्हतं. अशा कन्सोलमध्ये पडदा फोनसारखा उभा बसवलेला असतो. चित्र वळवून दाखव, असं लिनक्सला सांगावं लागतं. त्याने तसं सांगितलं, कन्सोल पुन्हा सुरू केला, आणि अक्षरं सरळ झाली. प्रज्ञेशला आभाळ ठेंगणं झालं. कुठला गेम आधी लावू न् कुठला नको!

पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून त्याने कन्सोल पूर्ण बंद केला. काळ्या काचेत त्याचा चेहरा दिसला आणि मागे तिकोणा किल्ला. दोन्ही आडवे. किल्ल्याचं टोक उजवीकडे रोखलेलं.

"भारीच की!" तो खो खो हसला. मग त्याच्या ध्यानात आलं, की बंद पडदा काही दाखवत नसतो. ती नुसती काच होती.

"येवढं कशाला हसतोयस रं?" चहा घेऊन चिमाबाई बाहेर आली.

"आई, या काचेत बघ ना. किल्ला कसा दिसतो?"

तिने वाकून पाहिलं. "कसा म्हंजे? सरळ हाय की. घे, चा घे."

त्याने कप हातात घेतला. कप सरळच होता. आतला चहा डाव्या कडेला भिंतीसारखा उभा होता, आणि त्याची वाफ संथपणे उजवीकडे चालली होती.