कोपऱ्यातला हिरवा चौकोन

हॅलोमावशी आल्या तेव्हा वर्गात गोधडीच्या कडा दुमडणं चाललं होतं. सुनेचा खांदा धरून, डावा पाय टाकत, उजवा ओढत त्या वाचनालयाचा जिना चढल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हॅलो, कोण बोलतंय?"

आठही बायका उठल्या. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांना जोडण्या दिल्या म्हणून वर्गाने त्यांना हे नाव ठेवलं होतं, आणि त्यांनी ते बक्षिसासारखं घेतलं होतं. आता शब्द जरा जड येत होते. उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. तो तिथे त्यांनी नव्हता ठेवला, सुनेने ठेवला होता.

"बसायला नाही आले," त्या म्हणाल्या. "माझे टाके बघायला आले. उद्या तुम्ही ही खालच्या हॉलमध्ये प्रदर्शनाला टांगणार. मग तिथले मेले हात लावू देणार नाहीत."

"हा हात आता सुई धरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय," सून हळूच म्हणाली. "तेव्हापासून एकच धोशा. म्हणतात, अख्ख्या आयुष्यात हौसेनं केलेलं तेवढंच आहे, ते एकदा हाताला लागू दे."

शिकवणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही. शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी टाके तपासले होते. इंचात बारा म्हणजे बारा, अकरा भरले की माल परत. त्या शिकवायच्याही तशाच, आणि बायका शिकायच्या त्याही तशाच, परीक्षेला बसल्यासारख्या. मजा येत होती ती एकट्या हॅलोमावशींना. टाका वाकडा पडला की त्या हसायच्या. सरळ पडला की सगळ्यांना उठवून दाखवायच्या.

"कोपऱ्यातला हिरवा चौकोन माझा. शोधायला नकोच. बैल मुतत गेल्यासारख्या ओळी दिसतील, त्या माझ्या."

कोणी हसलं नाही.

"का गं? मी गेले असं वाटलं की काय तुम्हाला?"

टेबलावर पसरलेल्या गोधडीच्या कोपऱ्यावर मावशींनी डावा हात ठेवला. बोटं एका ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग दुसरीवरून. धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ होता. तिसऱ्या ओळीवर बोटं थांबली.

"हे माझे नाहीत."

सगळ्यांना माहीत होतं. दर मंगळवारी मावशी जिना उतरल्या की बाई छोटी कात्री काढायच्या. मावशींचे टाके उसवायचे, पाण्याचा हात लावून कापड घासायचं, तिथेच आपले घालायचे. मग तो भाग गोधडी ताणायच्या चौकटीच्या दांड्यावर गुंडाळला जायचा, म्हणजे पुढच्या मंगळवारी तो मावशींच्या नजरेलाच पडत नसे. बाकीच्या तोवर आपापल्या पिशव्या भरायच्या. एकीनेही कधी तोंड उघडलं नाही. आताही एकेकीला नेमकं सुईत दोरा ओवायचं काम निघालं.

"अहो, तुमचेच ते मावशी," पोस्टात नोकरी करणारी एकजण म्हणाली. "शेवटी शेवटी हात बसला होता तुमचा."

मावशींचा अर्धा चेहरा उजळला. "माझे? इतके सरळ?" त्या बाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगा बाई. हिचा काही भरवसा नाही, ही पोस्टातली. तुम्ही टाक्याच्या बाबतीत खोटं बोलायच्या नाहीत."

एक 'हो' पुरला असता. तेवढाही बाईंना जमला नाही.

"मी उसवले."

"कुठले?"

"तुमचे."

"सगळे?"

"सगळे. वर्गाच्या नावाने जाते ना गोधडी. एकच चौकोन असा दिसला असता तर..."

"कसा?"

सुनेने घाईघाईने टेबलावरचं, गोधडीला लावायचं नावांचं कार्ड उचललं. "आई, हे बघा, यावर तुमचं नाव आहे की! सगळ्यांच्या बरोबरीने लिहिलंय."

"नाव टेलिफोनच्या बिलावरही असतं गं." मावशींनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई, उसवायला किती वेळ लागायचा हो?"

"दहा मिनिटं."

"मला अख्खी दुपार लागायची."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बाईंची सुटका झाली असती. बाईंनी सुई ओवली, खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांत कोणासाठी ओढली नव्हती.

"बसा. तुमचा हात मी धरते. एक ओळ घालू आपण. येईल तशी येऊ दे."

मावशी खुर्चीकडे बघत राहिल्या. क्षणभर वाटलं, बसतील. मग त्यांनी सुनेचा खांदा धरला.

"नको. तुम्हाला परत उसवावी लागेल."

असं म्हणून त्या हसल्यासुद्धा. पाय ओढल्याचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत वर्गात कोणी सुई उचलली नाही.

बाईंनी गोधडीचा कोपरा खिडकीपाशी नेला. टाका उसवला तरी सुईचं भोक कापडात राहतं. तिरप्या उजेडात धरलं की अशी उसवलेली ओळ कुठून कुठे गेली होती ते ठिपक्याठिपक्यांनी कळतं. कापडाला पाण्याचा हात लावून नखाने नीट घासलं, तर मात्र धागे परत मिटतात आणि भोक बुजतं.

त्यांनी चष्मा पुसला. हिरवं कापड इकडून धरलं, तिकडून धरलं, डोळ्याशी नेलं. बोटभर तरी वाकडी ओळ कुठे राहिली असेल.

एक भोक सापडलं नाही. बाईंचं काम चोख होतं.