पटावरचं नाव

शाळा सुटून अर्धा तास झाला होता आणि दुसरीच्या वर्गात तिघीच उरल्या होत्या. चंदनाबाईंनी छापील फॉर्म बाकावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि समोरच्या क्रांतीला म्हणाल्या, घाबरू नका. क्रांती घाबरली नव्हती. गेल्या चार वर्षांत तिला भीती वाटली नव्हती आणि आनंदही झाला नव्हता. तिची पोरगी खाली सतरंजीवर मणी ओवत होती.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. संयोगिताला सात पूर्ण होऊन सहा महिने झाले. या वयाचं मूल दोरीच्या उड्या मारतं, सदऱ्याची बटणं लावतं, दोन ओळी वाचतं, काल काय झालं ते आज क्रमानं सांगतं. हिच्या उड्या दोनवर अडतात, बटण भलत्याच काजात जातं, तीनचा आकडा उलटा पडतो. वर्गात सगळ्यांच्या पुढच्या दातांना खिडक्या पडल्या, हिचा एक दात हलत नाही. दिवाळीपासून बाईंनी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मणी, कणकेचे गोळे, लंगडी, कागद कापणं, रोज मांडीशी घेऊन एक गोष्ट. बाई चांगल्या होत्या, हीच अडचण होती. दुसऱ्या कुणी एवढं बघितलंच नसतं.

सोमवारी तपासणीचं शिबिर होतं. आईची सही झाली की पोरीचं नाव मागं पडलेल्या मुलांच्या यादीत जाणार होतं.

फॉर्म सरकारी, त्यामुळं सुरुवात पार पाळण्यापासून होती. मान कधी धरली? तिसऱ्या महिन्यात. रांगायला कधी लागली? सातव्यात. चालायला?

"गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. गोठ्याच्या दारापतूर गेलती एकटी."

पहिला शब्द?

"म्हस."

बाई हसल्या. एवढं तारीखवार कुठल्याच आईला आठवत नाही, म्हणाल्या. प्रश्न संपूच नयेत असं क्रांतीला वाटलं. चार वर्षांत संयोगिताबद्दल तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

संयोगिता साडेतीन वर्षांची होऊन वारली होती. खाली मणी ओवत होती ती स्वप्नाली, तिच्या पाठची, पावणेदोन वर्षांनी धाकटी. दीड वर्षापूर्वी मे महिन्यात शाळेचे एक गुरुजी पहिलीत घालायच्या पोरांची यादी घेऊन दारोदार फिरत होते. यादीत संयोगिताचं नाव होतं, कारण ते कमी करायला घरातलं कुणी कुठल्या कचेरीत गेलंच नव्हतं. कुठाय पोरगी, असं गुरुजींनी विचारलं आणि क्रांतीनं उंबऱ्यात खेळणारीला पुढं केलं. तिनं काही ठरवलं नव्हतं. पोरगी अंगानं बारीक आहे, एवढंच गुरुजी म्हणाले. संध्याकाळी फौंड्रीतून आलेल्या नवऱ्यानं, उदयसिंहनं, ऐकून घेतलं आणि तो जेवायला बसला.

चंदनाबाईंचं पेन थांबलं होतं. तीन वर्षांपर्यंत मूल सगळ्यात पुढं होतं, मग मध्येच असं काय झालं, हे त्यांना उमगेना. कधी पडली होती का? डोक्याला मार? मोठं दुखणं?

"ताप आलता," क्रांती म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि फॉर्म सहीसाठी तिच्याकडं फिरवला. शेवटच्या रकान्यात होतं, तापानंतर वाढ थांबली. क्रांतीनं ते दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं पेन हातात घेतलं. मग सतरंजीवरची पोरगी दिसली, जीभ बाहेर काढून एकेक मणी दोऱ्यात घालणारी. तिनं पेन खाली ठेवलं.

"ही मागं न्हाय, बाई. हिच्या वयाचं सगळं येतंय हिला. हिला सहा पुरी व्हायचीत अजून."

"म्हणजे?"

"ही धाकटी. थोरली तापात गेली. नाव तेवढं ऱ्हायलंय पटावर."

बाईंनी फॉर्म आपल्याकडं ओढला. मग हळूहळू बोलल्या. हेडमास्तरांना सांगावं लागेल, हिला हिच्या नावानं खालच्या वर्गात घालावं लागेल आणि संयोगिताचं नाव पटावरून कमी करावं लागेल. रागावल्या नाहीत. क्रांतीनं प्रत्येक गोष्टीला मान हलवली. शेवटच्या गोष्टीला मात्र हलवली नाही.

"हिला बसवा की खाली. पर तिचं नाव परीक्षेपतूर ऱ्हाऊ द्या. दुसरी पास हू दे ती."

बाईंनी फॉर्मची घडी घातली, उठून सतरंजीपाशी गेल्या आणि पोरीसमोर उकिडव्या बसल्या.

"बाळ, तुझं नाव काय?"

पोरीनं मण्यांची माळ मांडीवर ठेवली आणि आईकडं बघितलं. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"शाळंतलं सांगू," तिनं बाईंना विचारलं, "का घरातलं?"