तिसऱ्या कडव्याआधी

महाराणा प्रताप नगरातल्या त्या चिमुकल्या स्टुडिओत अक्षयने कॅमेरा सुरू केला आणि पहिलाच प्रश्न अमृताला विचारला. "ताई, तिसऱ्या कडव्याआधी तुम्ही थांबता ना, त्याच्यामागची कहानी सांगा. कमेंटमध्ये सगळे बस हेच विचारतात."

गाणं बरखेड्याच्या मराठी नाट्यमंडळाच्या 'बेतवाकाठी' या संगीत नाटकातलं. चार वर्षांत ते मराठी न कळणाऱ्यांच्याही तोंडी बसलं होतं, आणि गल्लीबोळातल्या गायिकांनी तो थांबासुद्धा पाठ केला होता.

"आई गेल्याचं विंगेत कळलं," अमृता म्हणाली. "लगेच गाणं होतं. तिसऱ्या कडव्याला गळा दाटला. त्यात कला कसली?"

शेजारी दिग्दर्शक गोविंदराव बसले होते. कौतुकाचा विषय निघाला की त्यांना राहवत नसे.

"मी सांगतो. प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत, हा आमचा नियम. घरच्यांनी काय असेल ते माझ्या फोनवर कळवायचं. हिच्या भावाचा नागपूरहून सकाळी नऊलाच फोन आला. आईचं काही खरं नाही म्हणाला. हिला सांगितलं असतं तर ही दहाच्या गाडीत बसली असती, मग कसलं गाणं न् कसलं काय. संध्याकाळी त्या गेल्याचं कळलं. म्हटलं, आता सांगायला हरकत नाही. बरोब्बर गाण्याआधी सांगितलं. नाटकवाल्याला वेळ साधता आली पाहिजे."

"क्या बात है," अक्षय म्हणाला.

अमृताला एकच फोन ठाऊक होता, संध्याकाळचा. तेराव्यानंतर भावाने, हर्षलने, तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. चार भाऊबिजा कोरड्या गेल्या, आणि आपलं काय चुकलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता कॅमेऱ्यासमोर कळत होतं. ती गोविंदरावांकडे वळली.

"काका, नऊ वाजता आई शुद्धीत होती?"

"अगदी," गोविंदराव म्हणाले. "हर्षलने त्यांच्याच हातात फोन दिला ना. मी म्हटलं, अमृता तालमीत आहे, प्रयोग झाला की निघेल. तर म्हणाल्या, होऊ दे तिचं, मी जागी राहते."