दोन सूर्य

"पुन्हा यंत्रच बिघडलंय," मृदुला अणावकर वैतागून म्हणाली.

डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, ट्रायलोबाइट या कवचधारी समुद्री जिवाच्या दगड झालेल्या डोळ्यांतलं शेवटचं दृश्य यंत्रानं वाचून ती जाती ओळखायची. प्रजाती एकच, बांधाही सारखाच. पण एक जात गढूळ चिखलात राहायची, दुसरी प्रवाळात, तिसरी उथळ पाण्यात. दृश्य दिसलं की जात कळायची. आजच्या पेटीतले सगळे दगड मात्र एकच दृश्य दाखवत होते. पाण्यावर दोन सूर्य.

"तिसऱ्यांदा तपासलं, मॅडम. यंत्र ठणठणीत आहे," तंत्रज्ञ खासनीस म्हणाले. "आणि बघा ना, या सगळ्या जिवांनी मरताना अंगाचं मुटकुळं करून घेतलंय. याच्या वरच्या, म्हणजे नंतरच्या काळातल्या थरात ही प्रजाती पुन्हा सापडलेलीच नाही."

मृदुलानं तरीही नोंद केली: 'दुहेरी प्रतिमा, भिंगदोष.' मागच्या दोन पेट्यांवरही तिनं हेच लिहिलं होतं.

तेवढ्यात घरून मुलीचा फोन आला. "आई, बाहेर येऊन बघ ना! आपली सगळी कॉलनी गच्चीवर जमलीये. भरदुपारी आणखी एक सूर्य उगवलाय, एवढास्सा! कसला गोड दिसतोय!"

मृदुलाची नजर नोंदीतल्या 'भिंगदोष' या शब्दावर गेली.

"आत जा. आत्ताच्या आत्ता आत जा आणि पडदे ओढ."

"अगं, पण झालंय काय?"

 फोन कानाला तसाच धरून मृदुलानं पाय खुर्चीवर घेतले आणि गुडघे पोटाशी घट्ट आवळले.